पुरावा कंपनीकडे, दोष पालकांकडे: बुधवार पेठेतील पालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे जिल्हा

प्रती: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली, महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग, मुंबई, शालेय शिक्षण विभाग, सार्वजनिक आरोग्य विभाग तसेच अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: व्हिडिओ गेमच्या आहारी गेलेल्या मुलांच्या नुकसानीबद्दल पालकांना कायदेशीर दाद मागता यावी, याबाबत

महोदय,

आम्ही बुधवार पेठेतले पालक आहोत. आमच्यात अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तके विकणारे आहेत, तपकीर गल्लीत विजेच्या आणि मोबाइलच्या सामानाची दुकाने चालवणारे आहेत, लक्ष्मी रोडवर दुसऱ्याच्या काउंटरवर दिवसभर उभे राहणारे आहेत, तांबड्या जोगेश्वरीच्या आसपासच्या जुन्या वाड्यांतले भाडेकरू आहेत आणि काही शिक्षकही आहेत. आमचे काम रात्री नऊ-साडेनऊपर्यंत चालते. तोवर मूल घरी असते आणि फोन त्याच्या हातात असतो. शाळेच्या सूचना त्याच फोनवर येतात, क्लासचे व्हिडिओही त्यावरच. फोन न देण्याचा पर्याय आमच्यापैकी बहुतेकांना उरलेला नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. गेमवर सरसकट बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. गेम खेळणारे प्रत्येक मूल आजारी असते, असेही आमचे म्हणणे नाही. बहुतेक मुले खेळतात आणि उठून जेवायला येतात. आम्ही बोलत आहोत ते न उठणाऱ्या मुलांबद्दल. त्यांच्या घरी जे नुकसान होते त्याचा हिशेब कोणाकडे मागायचा, हा आमचा प्रश्न आहे. आज त्याला उत्तर नाही.

पालकाला हे बहुधा बँकेच्या मेसेजमधून कळते. खात्यातून शंभर, तीनशे, आठशे असे पैसे गेलेले असतात. मुलाने डायमंड किंवा यूसी ही गेममधली नाणी घेतलेली असतात, क्रेट म्हणजे बंद पेट्या उघडलेल्या असतात, बॅटल पास म्हणजे बक्षिसांचा विकतचा पास काढलेला असतो. पुढे मागचेही लक्षात येते: रात्री पांघरुणाखाली रँक वाढवण्यासाठी चाललेले खेळणे, सकाळी न उघडणारे डोळे, चाचणीतले गुण, तुटलेली मैत्री. फोन काढून घेतला की घरात भांडी फुटतात. मग पालक हिंडू लागतो. बँकेत सांगतात, पिन बरोबर टाकला होता, म्हणजे व्यवहार तुमचाच. पोलीस चौकीत विचारतात, फसवणूक नेमकी कोणी केली? कंपनीच्या ॲपमधला तक्रारीचा फॉर्म इंग्रजीत असतो आणि उत्तर यंत्राने लिहिलेले असते. शाळा म्हणते, घरी लक्ष द्या. या सगळ्या फेऱ्यांत गेमच्या आत काय बसवले आहे, हे कोणीही विचारत नाही.

हा आजार आहे का, यावर वाद घालण्याची वेळ गेली. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ला स्वतंत्र जागा आहे. त्याची लक्षणे तीन. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या कामांपेक्षा खेळ वरचढ होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहते किंवा वाढते. साधारणपणे बारा महिने हे दिसले, तरच निदान होते. ही कसोटी कडक आहे आणि ती तशीच असावी. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळे क्लिनिक चालते. पुण्याला तर व्यसनमुक्तीच्या कामाचा मोठा वारसा आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, आणि व्यसनी माणसाला नालायक न ठरवता रुग्ण मानायचे, हे या शहराने तिथे शिकून घेतले. दारूच्या बाबतीत जे पटले ते तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत का पटू नये?

आता आजवर काय झाले ते पाहू. २०१९ च्या सुरुवातीला अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात पब्जी या मोबाइल गेमवर बंदी मागणारी जनहित याचिका केली. न्यायालयाने केंद्राच्या संबंधित मंत्रालयाला गेमचा आशय तपासायला सांगितले. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी बंद झाला, पण मुलांसाठी नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ११८ ॲप एकदम बंद करण्यात आली, आणि त्या कलमात देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, सुरक्षा, परकीय संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था अशीच कारणे बसतात. मुलाची झोप किंवा मन त्या यादीत नाही. म्हणूनच जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने परत आला, वर्षभराने पुन्हा अडवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. बंदी आली तेव्हा मुले दुसऱ्या गेमवर गेली, उठली तेव्हा परतली. ज्या घरांचे नुकसान झाले होते त्यांच्या हाती दोन्ही वेळा काहीच लागले नाही.

जुलै २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये एका शाळकरी मुलाने आपले आयुष्य संपवले आणि त्यामागे ऑनलाइन गेम असल्याचा संशय घेतला गेला. त्या दुःखाचा आधार घेऊन आम्हाला काही सिद्ध करायचे नाही. एका मृत्यूची कारणे अनेक असतात. पण ‘संशय’ या शब्दापाशीच असे प्रत्येक प्रकरण थांबते, कारण त्यापुढे जायला लागणारी माहिती घरात नसते. ती कंपनीच्या सर्व्हरवर असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्याने बंदी घातली. असे गेम चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. रमीच्या ॲपवर घरे बुडालेली आम्ही पाहिली आहेत, म्हणून या उद्देशाचे आम्ही स्वागत करतो. मात्र आमच्या मुलांचे गेम यातून बाहेर राहतात. ते ‘फुकट’ आहेत. त्यात पैसे लावून पैसे जिंकायचे नसतात. पैसे देऊन बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते माहीत नसते, आणि हवी ती स्किन, म्हणजे खेळातल्या पात्राचा पेहराव, निघेपर्यंत पुन्हा उघडायची. मोठ्यांच्या भाषेत याला आकडा लावणे म्हणतात. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्येच अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये गेन्शिन इम्पॅक्ट या गेमच्या कंपनीशी २ कोटी डॉलरची तडजोड केली आणि सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या विकायला मनाई केली. म्हणून नव्या कायद्याखालच्या प्राधिकरणाने अशा पेट्यांबद्दल स्पष्ट निर्णय द्यावा आणि अठरा वर्षांखालील खात्यांवर त्यांची विक्री थांबवावी, ही आमची पहिली मागणी आहे.

खरा अडथळा मात्र ग्राहक कायद्यात आहे, आणि त्याबद्दल आम्हाला सविस्तर सांगायचे आहे.

ग्राहक चळवळीचे हे शहर आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ मध्ये झाला, त्याच्या बारा वर्षे आधी बिंदुमाधव जोशी यांनी इथे ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. आता लागू असलेल्या २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला बरेच दिले. अल्पवयीन ग्राहकासाठी त्याचे पालक तक्रार करू शकतात. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते, म्हणजे कंपनी सोलमध्ये असो की सिंगापूरमध्ये, बुधवार पेठेतल्या आईला पुण्याबाहेर जायची गरज नाही. एकाच प्रकारचे नुकसान झालेले अनेक जण ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची भरपाई मागण्यासाठी तर एक स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि त्यात रचनेतला दोष व अपुरी सूचना ही दोन्ही कारणे धरली आहेत.

एवढे असूनही तीन ठिकाणी वाट अडते. कायद्यात उत्पादनाची जी व्याख्या आहे, तीत वायू, द्रव किंवा घन अवस्थेतली वस्तू अपेक्षित आहे. गेम यांपैकी काहीच नाही, आणि कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला हे सांगू शकतो. दुसरे, मोबदला न घेता दिलेली सेवा या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे ज्या मुलाने तीनशे रुपयांचे डायमंड घेतले तो ग्राहक ठरेल, आणि ज्याने एक रुपयाही न देता वर्षभर रोज सात तास घालवले तो ठरणार नाही; वास्तविक कंपनीने त्या सात तासांतल्या जाहिरातींवर आणि माहितीवर कमाई केलेली असते. तिसरे, मानसिक क्लेश भरपाईसाठी धरले जातात ते शारीरिक इजा, आजार किंवा मालमत्तेच्या नुकसानीसोबत आले तरच. आजाराचे निदान कागदावर नसेल तर मानसिक क्लेशाचा दावा टिकवणे अवघड जाते.

म्हणून आमची दुसरी मागणी अशी: उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणात सॉफ्टवेअर आणि गेम यांचा स्पष्ट उल्लेख करणारी दुरुस्ती व्हावी, मुलाचा वेळ, त्याला दाखवलेली जाहिरात आणि त्याच्याकडून गोळा केलेली माहिती हा मोबदला मानला जावा, आणि राज्य शासनाने या दुरुस्तीची लेखी शिफारस केंद्राकडे करावी. दाव्याची दोन वर्षांची मुदत मूल सज्ञान झाल्यावर किंवा निदान झाल्यावर, यांपैकी जे नंतर घडेल तेव्हापासून मोजावी. वर्ष-वर्ष तर पालकांना काय चालले आहे हे कळण्यातच जाते.

‘मी अटी मान्य करतो’ हे बटण मुलाने दाबले म्हणून आम्ही बांधले गेलो, हे आम्हाला मान्य नाही. अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहोरीबीबी प्रकरणात १९०३ मध्येच ठरवले आहे. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केले. हे दोन्ही मुद्दे जिल्हा आयोगाच्या कार्यालयात मराठी फलकावर लावावेत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तक्रारीला शुल्क नसते, हेही त्यावर लिहावे.

आता पुराव्याविषयी. आमच्या सगळ्या मागण्यांत ही तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे.

मूल किती वाजता खेळायला बसले, किती वाजता उठले, कितव्यांदा हरल्यावर त्याला कोणती ऑफर दिसली, चार दिवस आले नाही तेव्हा कोणती सूचना पाठवली, कोणत्या क्षणी त्याने पैसे दिले, याची सेकंदागणिक नोंद कंपनीकडे असते. ती असते हे आम्ही अंदाजाने म्हणत नाही. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया २०२३ मध्ये परतला तेव्हा अठरा वर्षांखालच्या खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा लावलेली होती. तास मोजल्याशिवाय तीन तासांनी थांबवता येत नाही. दुसऱ्या बाजूला पालकाजवळ काय असते? चार बँक मेसेज आणि शेजाऱ्याची साक्ष. अशा स्थितीत ‘हानी सिद्ध करा’ असे पालकाला सांगणे म्हणजे न्याय नाकारणे आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपल्या माहितीचा सारांश मागण्याचा हक्क आहे, आणि मुलाच्या बाबतीत तो पालकाचा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्याला हेरून जाहिरात दाखवायलाही त्या कायद्याची मनाई आहे. मुलांबाबतचे नियम मोडल्यास दंड दोनशे कोटींपर्यंत जातो. या कायद्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची सवलत दिली आहे. आमची मागणी आहे की पालकाने मागितल्यापासून पंधरा दिवसांत मुलाच्या खात्याची पूर्ण नोंद, वेळा, खर्च, दाखवलेल्या ऑफर आणि पाठवलेल्या सूचना यांसह, मराठीत वाचता येईल अशा रूपात मिळावी. केवळ सारांश नको. आणि कंपनीने नोंद दिली नाही किंवा पुसली, तर आयोगाने तक्रारदाराचे म्हणणे खरे धरून पुढे जावे. माहिती लपवणाऱ्याला तिच्या अभावाचा फायदा मिळू नये.

नोंद हाती आली तरी ती वाचणार कोण? ग्राहक आयोगाला वस्तू प्रयोगशाळेत पाठवून तपासण्याचा अधिकार आहे. पण गेमची प्रयोगशाळा कुठली? मोटार रस्त्यावर येण्याआधी तिचे ब्रेक वेताळ टेकडीच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत तपासले जातात, आणि त्याच पुण्यात १९८८ पासून सी-डॅक ही देशातली मान्यवर संगणक संस्था आहे. सी-डॅकला किंवा तशाच सरकारी संस्थेला या कामासाठी प्रयोगशाळा म्हणून अधिसूचित करावे, ही चौथी मागणी. काय तपासायचे, त्याची सुरुवात तयार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तेरा प्रकारच्या फसव्या रचनांवर बंदी घातली. त्यातली खोटी घाई (‘फक्त दहा मिनिटे उरली!’) आणि सतत मागे लागणे या दोन्ही आमच्या मुलांच्या पडद्यावर रोज दिसतात. ही मार्गदर्शक तत्त्वे गेमलाही लागू आहेत, हे प्राधिकरणाने शंका राहणार नाही अशा शब्दांत जाहीर करावे.

परदेशात ही वाट काही ठिकाणी उघडली आहे. फोर्टनाइट या गेमच्या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत ५२ कोटी डॉलरची तडजोड स्वीकारली. त्यातले साडेचोवीस कोटी फसव्या रचनेमुळे पैसे गेलेल्या ग्राहकांना परत करायचे होते. त्याच महिन्यात कॅनडातल्या क्वेबेकच्या न्यायालयाने फोर्टनाइट मुलांना व्यसन लावतो, या पालकांच्या सामूहिक दाव्याला पुढे जाण्याची परवानगी दिली. तिथे कोणी जिंकले असे आम्ही म्हणत नाही. परवानगी आणि निकाल यांत फरक असतो. पण तिथल्या आईचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे असे एका न्यायाधीशाने ठरवले, आणि आम्हीही पहिल्या पायरीवर तेवढेच मागतो. चीनने २०२१ मध्ये मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. दक्षिण कोरियाने मध्यरात्रीनंतरची बंदी दहा वर्षे चालवून मागे घेतली. सरकारने घड्याळ लावून खेळ थांबवण्याचा हा मार्ग आम्हाला पटत नाही. मुले दुसऱ्याच्या खात्यावरून खेळतात आणि कंपनी जबाबदारीतून सुटते.

आमच्या पेठेची एक गोष्ट कोणत्याही मंत्रालयाच्या मसुद्यात येणार नाही, म्हणून ती आम्हीच लिहितो. बुधवार पेठेत देहविक्रयावर पोट असलेल्या अनेक आया आहेत. त्यांची मुले आमच्या मुलांच्याच शाळेत जातात. आई कामावर असताना रात्री त्या मुलांना फोनच सोबत असतो. माहिती संरक्षण कायद्याला लागणारी पालकांची ‘पडताळलेली संमती’ म्हणजे ओळखपत्रे जुळवणे असे ठरले, तर ज्या आयांकडे पुरेसे कागद नाहीत, ज्यांच्या मुलांच्या दाखल्यावर वडिलांचे नाव नाही, त्या यातून सरळ बाहेर फेकल्या जातील. त्यांच्या मुलांची संमती मग दुसराच कोणीतरी देईल. आईचे स्वयंघोषणापत्र आणि शाळेचा दाखला एवढ्यावर तिला संमती देण्याचा, काढून घेण्याचा, नोंद मागण्याचा आणि तक्रार करण्याचा हक्क मिळावा. वडिलांचे नाव विचारले जाऊ नये. या पाचव्या मागणीवर आम्ही तडजोड करणार नाही.

उपचारांबाबत थोडक्यात. ससून रुग्णालयात गेमिंगच्या त्रासासाठी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग चालावा आणि तिथले निदानपत्र ग्राहक आयोगापुढे ग्राह्य धरले जावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. त्यात गेमिंग डिसऑर्डर येतो, असे परिपत्रक निघावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक महापालिकेच्या प्रत्येक शाळेच्या दारावर लावावा.

आमच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: मूल तुमचे, सांभाळायची जबाबदारीही तुमची. ती आम्ही नाकारत नाही. दुकानातून येऊन रात्री अकराला मुलाशेजारी बसणारे वडील आमच्यात आहेत, नोकरी सोडलेल्या आया आहेत. पण समोरच्या बाजूला मूल पडद्यावर कसे टिकेल याचाच दिवसभर अभ्यास करणारे पगारी लोक बसलेले असतात. या सामन्यात दोन्ही बाजूंचे बळ सारखे नाही, आणि असे बळ विषम असते तिथेच कायद्याची गरज पडते. चौकात व्हिडिओ गेमचा पार्लर असताना त्याला परवाना लागत होता. असे नियंत्रण ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये एम. जे. सिवानी प्रकरणात मान्य केला. तोच खेळ खिशात आल्यावर जबाबदारी संपली, हे आम्हाला पटणारे नाही.

गेमच्या उद्योगाशी आमचे वैर नाही. युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे, आमच्या पेठेतली काही मुले ॲनिमेशन शिकून याच क्षेत्रात नोकरी शोधत आहेत. चांगला गेम बनवणाऱ्याला नोंद उघड करायची भीती वाटायचे कारण नाही.

जिल्हाधिकारी महोदय, यातले बरेचसे दिल्लीच्या हाती आहे, हे आम्ही जाणतो. तरीही ग्राहक कायद्याच्या कलम १६ ने ग्राहकांच्या संपूर्ण वर्गाच्या हक्कभंगाची चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल देण्याचा अधिकार आपल्याला दिला आहे, आणि कलम १७ नुसार अशी तक्रार आपल्याकडे करता येते. हे मागणीपत्र तीच तक्रार समजावे. पुणे शहरातल्या अठरा वर्षांखालील खेळाडूंना पैशाच्या बदल्यात बंद पेट्या कशा विकल्या जातात, फसव्या रचना कोणत्या वापरल्या जातात आणि पालकांच्या तक्रारींना कंपन्या काय उत्तर देतात, या तीन मुद्द्यांवर आपण चौकशी सुरू करावी. संघटनेतले पालक आपली बँक विवरणे, ॲपमधले पत्रव्यवहार आणि मुलांची वैद्यकीय कागदपत्रे, मुलांची नावे गुप्त राहतील या अटीवर, चौकशी अधिकाऱ्यासमोर ठेवायला तयार आहेत. चौकशी सुरू केल्याचे किंवा न करण्याच्या कारणांचे लेखी उत्तर तीस दिवसांत मिळावे. नकार आला, तर तोच कागद जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात सामूहिक तक्रार दाखल करू. तिचा मसुदा तयार आहे.

आपले,
बुधवार पेठेतील पालक संघटनेचे सभासद
बुधवार पेठ, पुणे ४११००२